व्हिसाचे साहेब

दि. ४ फेब्रुवारी

प्रिय वहिनीस,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र पोचलं. मी ठणठणीत आहे. तब्येत अशी सुधारलीय की कोटाचं मधलं बटण लागत नाही. तेव्हा "तिकडे नीट जेवते की नाही" हा दादाचा प्रश्न कायमचा निकालात निघाला असं त्याला सांग.

विशेष काही नाही. म्हणजे आहे, पण तुझ्या पत्रातल्या मुद्द्यावर यायच्या आधी इथलं थोडं सांगते. नमनाला घडाभर तेल, असं तू म्हणशीलच. म्हण.

या सत्रात आम्हाला लहान मुलांचे कान तपासायला शिकवताहेत. बाहेरचा आवाज आत शिरणार नाही अशी एक खोली, कपाटापेक्षा जराशी मोठी. आत मूल बसतं, कानांवर हेडफोन, हातात लाकडी ठोकळा. आवाज ऐकू आला की ठोकळा बादलीत टाकायचा. काचेच्या अलीकडे बसून मी यंत्राची बटणं दाबते. परवा माझ्या टिल्लीच्याच वयाची एक मुलगी आली होती. मी बटण दाबलं की लगेच ठोकळा बादलीत, एकदाही चुकली नाही. मी खूश. माझ्या बाई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "तिला काही ऐकू येत नाहीये. ती तुझ्या भुवया बघतेय." खरंच की! बटण दाबताना माझ्या भुवया वर जात होत्या आणि ती पोर त्यांवरून ओळखत होती. तेव्हापासून मला दगडी चेहरा करून बसायचा हुकूम आहे. मी आणि दगडी चेहरा! पत्ते खेळताना माझ्या हातातली पानं समोरच्याला माझ्या तोंडावर दिसतात, हे तुला वेगळं सांगायला नको.

तुझ्या वर्गातली कर्णबधिर मुलंही अशीच तुझ्याकडे बघत असतील ना? तू त्यांना ठोकळे न देता बोलायला शिकवतेस, तुझं काम जास्त अवघड. हे मी तुला चढवायला म्हणत नाही.

रविवारचा फोन मध्येच तुटला त्याबद्दल सॉरी. इथलं नेट म्हणजे लहरी कारभार. टिल्ली काय सांगत होती ते तू स्वयंपाकघरात असल्यामुळे ऐकलं नसशील. तिने आधी बूट कॅमेऱ्यासमोर धरला. स्वतः बांधलेली नाडी दाखवली. मग म्हणाली, "साहेबांना दाखव." मी म्हटलं, कोणत्या साहेबांना? तर म्हणाली, "व्हिसाच्या. त्यांना सांग, मी आता माझ्या हाताने जेवते. अंधारात पण जाते. मी लहान नाहीये आता." मी म्हटलं, सांगते हं. "आत्ता सांग," म्हणाली. आणि तेवढ्यात ते नेट गेलं.

या साहेबाला तिच्या डोक्यातून जरा काढता आलं तर बघ ना. उगाच एवढ्याशा जिवाला घोर.

आता तुझा मुद्दा. समोरच्या काकूंचा भाचा बायकामुलांना घेऊन शिकायला गेला, म्हणून तुला वाटतंय की नियम बदलला असेल. वहिनी, व्हिसाचे प्रकार काय एक-दोन आहेत? तो गेला असेल संशोधनाला, त्यांचं खातं वेगळं. दोन विद्यापीठांच्या अदलाबदलीतून जाणाऱ्यांचं वेगळं, त्यांना शिक्षण झालं की मुकाट मायदेशी परतावं लागतं. तुझ्यासारखा वर्षभराचा अभ्यासक्रम असेल तर त्यावर मूल काय, मांजरही सोबत नेता येत नाही. माझं, म्हणजे पदवीवाल्यांचं, तिसरंच काहीतरी. मी इथल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीत मुद्दाम जाऊन विचारून आले. नियम होता तोच आहे. उलट कडक झालाय म्हणाले.

तेव्हा त्या व्हिसाच्या सल्लागार बाईंकडे जायची तसदी घेऊ नकोस. बाई बोलायला लागल्या की तुझी अख्खी सुट्टी संपेल आणि हाती काही लागणार नाही.

तुझ्या प्रवेशाचं काय ते या महिनाअखेर कळवायचंय, हे माझ्या लक्षात आहे. गेल्या वर्षी टिल्लीसाठी तू तो पुढे ढकललास, यंदा ते आणखी थांबणार नाहीत, तेही माहीत आहे. मी काय सांगणार? टिल्ली इकडे येऊ शकली असती तर तू सुटली असतीस. ते तर होत नाही. दादाला एकट्याला तिचं जमेल का, तुम्ही दोघंच ठरवा. तू ठरवशील ते बरोबरच असेल.

दादाला नमस्कार. टिल्लीला गोड पापा.

तुझी आगाऊ नणंद


दि. ५ मार्च

वहिनी,

हे पत्र दादा कामावर आणि टिल्ली बालवाडीत असताना वाच. कुणाला वाचून दाखवू नकोस. नंतर दाखवायचं असेल तर तुझी मर्जी.

तुझं पत्र काल मिळालं. "जागा सोडली गं. ईमेल पाठवून टाकला. मन थोडं खट्टू झालं, पण टिल्लीपेक्षा का ते मोठं आहे? तू वाईट वाटून घेऊ नकोस. नियमापुढे तू तरी काय करणार?" असं लिहिलंयस. वाचनालयात बसून वाचत होते. तसंच उठून बाहेर आले आणि सायकली ठेवतात तिथे जाऊन उभी राहिले. कुणीतरी विचारलं, बरं वाटत नाहीये का? मी म्हटलं, घरून पत्र आलंय. त्यांना वाटलं घरी कुणी गेलं.

वहिनी, असा नियम नाही. कधीच नव्हता.

टिल्ली माझ्याबरोबर येऊ शकत होती. पहिल्या दिवसापासून.

आपण दोघी मिळून सल्लागार बाईंकडे जाणार होतो तो दिवस आठव. दोघींच्या फायली तू एकाच पिशवीत भरल्या होत्यास. ऐन वेळी टिल्लीला ताप आला. "तू जा, माझंही विचारून ये, मी बसते हिच्यापाशी," असं म्हणून तू थांबलीस. म्हणजे माझी पोर सांभाळायला थांबलीस म्हणून तुला काही कळलं नाही. हे मला नंतर किती वेळा टोचलंय.

बाईंच्या त्या छोट्या खोलीत भिंतभर नकाशा होता आणि पंखा नकाशाचा एक कोपरा सारखा उचलत होता. बाईंनी मला सगळे मार्ग समजावले. तुझ्या अभ्यासक्रमाबद्दल म्हणाल्या ते मी घरी येऊन तुला खरंखरं सांगितलं. माझी कागदपत्रं बघून म्हणाल्या, "तुम्ही पदवीला जाताय, मुलीचा ताबा कोर्टाने तुमच्याकडेच दिलाय. मग काहीच अडचण नाही. तिला सोबत्याचा व्हिसा मिळेल. दोन्ही अर्ज एकदमच पाठवू. नेणार ना तिला?" आणि हे विचारता विचारता त्यांनी दुसरी फाईल काढायला खण उघडलासुद्धा.

मी म्हटलं, "नको."

त्यांनी मान वर केली. "मग मागाहून बोलावणार?"

"बघू," म्हटलं.

त्यांनी खण बंद केला. एवढंच झालं. कुणी हात पिरगाळला नाही, कुणी भीती घातली नाही.

घरी आले तेव्हाही मी खोटं सांगायचं ठरवलं नव्हतं. जिना चढताना मी वाक्यं जुळवत होते. म्हणणार होते की वहिनी, नेता येईल पण मला एक-दोन वर्षं एकटीनं जायचंय. तू रागावली असतीस, रडलीही असतीस, आणि मग "जा" म्हणाली असतीस, मला माहीत आहे. पण तू दार उघडलंस. टिल्ली तुझ्या खांद्यावर झोपली होती. तिला जाग येऊ नये म्हणून हळू आवाजात म्हणालीस, "नाही म्हणाल्या ना? मला वाटलंच होतं. एवढ्याशा पोरांना कुठले व्हिसे देतात."

मी हो म्हणून मान हलवली.

अख्खं खोटं त्या एका मानेत आहे. पुढचं सगळं तुम्हीच केलंत. तू दादाला सांगितलंस, दादाने जिन्यात भेटेल त्याला, "सरकारचे नियम, काय करणार." समोरच्या काकू माझा हात हातात घेऊन रडल्या. सगळ्यांनी "बिचारी, पोटच्या गोळ्याला सोडून जावं लागतंय" म्हटलं, आणि मी ते मुकाट ऐकून घेतलं. खोटं कशाला, ते ऐकायला बरंही वाटलं. आणि टिल्ली विचारायला लागली तेव्हा तुम्ही तिच्यासाठी साहेब तयार केलात. मोठे साहेब, चष्मा लावणारे, लहान मुलांना नाही म्हणणारे. वहिनी, तो साहेब मी आहे.

नको का म्हटलं, ते आता स्पष्ट लिहिते. मला ती नको होती. कायमची नाही, पण तेव्हा नको होती. तिच्या बापाबरोबरची ती वर्षं, मग कोर्ट, त्यात ती तान्ही, तिचं रडणं, तिची आजारपणं. सकाळी ती उठायच्या आधी मला जाग यायची आणि मी डोळे मिटून पडून राहायचे, की अजून थोडा वेळ ही उठू नये. तू उचललीस की ती गप्प व्हायची. मी उचललं की आणखी रडायची. मला वाटायचं, हिलाही कळतंय. बाईंनी खण उघडला तेव्हा मला डोळ्यांसमोर एक खोली दिसली, तिच्यात फक्त माझ्या वस्तू. त्या खोलीसाठी मी नको म्हटलं. ती खोली मला मिळाली. खिडकी रस्त्यावर उघडते, पलंग एकाचाच, टेबलावर माझीच पुस्तकं. पहिले काही आठवडे मी इतकी सुखात होते की तुला कळलं असतं तर तू माझं तोंड बघितलं नसतंस.

हे झालं तेव्हाचं. आत्ताचं याहून वाईट आहे.

फेब्रुवारीत मी कुठल्याच कचेरीत गेले नव्हते. पत्र लिहिलं ते खोलीत बसून, एका बैठकीत, मध्ये चहा पिऊन. नेटही गेलं नव्हतं. "आत्ता सांग" असं ती म्हणाली आणि मी फोन बंद केला. तुझं "बाईंकडे जाऊन विचारते" वाचलं आणि मी लगेच कागद पुढे ओढला. खाई त्याला खवखवे. बाई तुला पहिल्याच वाक्यात म्हणाल्या असत्या, "अहो, मी तर तेव्हाच विचारलं होतं, त्याच नको म्हणाल्या." म्हणून तुला जाऊ नकोस म्हटलं. म्हणून नियम कडक केला. व्हिसाच्या प्रकारांचं ते सगळं पाल्हाळ कशाला लावलं, ते आता तुला कळलं असेल.

आणि वहिनी, आता मला ती हवी आहे. कानाच्या खोलीत कुणाचंही मूल बसलं की हवीशी वाटते. हे तुला खरं वाटणार नाही आणि वाटावं असं मी काही केलेलंही नाही. पण ती यायची तर आधी मला खरं सांगावं लागलं असतं. तेवढं टाळायला मी तिला दुसऱ्यांदा नाही म्हटलं. पहिल्यांदा निदान मला खोली हवी होती. या वेळी फक्त माझी अब्रू हवी होती, आणि त्यापायी तुझी जागा गेली. तू दोन वर्षं त्या अभ्यासक्रमाची वाट बघितलीस. माझ्या शब्दावर विसंबून सोडलीस. मी पत्र उशिरा टाकलं असतं, आजारी पडले असते, पत्र हरवलं असतं, तरी तू बाईंकडे गेली असतीस आणि आज प्रवेश घेऊन मोकळी झाली असतीस.

काल वाचनालयातून थेट कचेरीत गेले. खरीखुरी गेले. खिडकीतल्या माणसाने वर न बघता सांगितलं, मुलीला आणता येईल, अर्ज करा, एवढे दिवस का नाही केलात? मग तुझ्या विद्यापीठाला लिहिलं, चूक माझी आहे, तिची जागा परत द्या. आज सकाळी उत्तर आलं. फार सभ्य भाषेत लिहिलंय की जागा दुसऱ्या कुणाला दिली.

आता मला एकच सुचतंय. मी शिक्षण सोडून येते. तू पुन्हा अर्ज कर, जिथे मिळेल तिथे जा. टिल्लीला मी सांभाळीन. तू ये म्हण, मी निघते.

माफी मागते. तू दिलीच पाहिजेस असं नाही.

— मी


दि. ३० मार्च

वहिनी,

तुझं पत्र आलं. इतके दिवस रोज टपालाची पेटी उघडून बघत होते.

तू लिहिलंस ते माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. "राग किती आला ते लिहीत बसले तर वह्या पुरणार नाहीत, म्हणून लिहीत नाही. शिक्षण अर्धवट टाकून येऊ नकोस, असले उपकार मला नकोत. पुढच्या वर्षी तुझं पूर्ण होईल. तोवर मी पुन्हा अर्ज करीन, मी जाईन, आणि तेव्हा तू इथे असशील. हे मी विचारत नाहीये, सांगतेय. तुझ्या दादाला मी सांगितलं. तो अजून तुझ्याशी बोलणार नाही, त्याच्यामागे लागू नकोस. टिल्लीला तिकडे न्यायचा हक्क तुझा आहे, मी आड येणार नाही. पण पोर काल पडली, गुडघा सोलला, आणि रडू दाबून मला म्हणाली, मामी, साहेबांना सांगू नकोस हं मी पडले. आता हे बस झालं. तिला खरं सांग. फोनवर नको, फोन तू बंद करतेस. लिही. मी वाचून दाखवीन आणि एक शब्द बदलणार नाही. माझ्या वर्गातल्या मुलांना मी अर्धवट खुणा करून फसवत नाही, हिलाही फसवणार नाही."

तिचा अर्ज मी अजून केलेला नाही. या वेळी तिला न विचारता हो म्हटलं तर तेही माझ्याच सोयीचं होईल. सुट्टीत मी येते आहे. तुमच्या घरी उतरू का, की दुसरीकडे सोय करू, ते कळव.

खाली तिचं पत्र आहे. सहा वेळा लिहिलं, पाच वेळा फाडलं. पहिल्या पाचांत मी फार चांगली बाई होते.


प्रिय टिल्ली,

हे पत्र तुला मामी वाचून दाखवते आहे. यातलं मामीने काहीच लिहिलेलं नाही, सगळं मी लिहिलंय. म्हणून राग आला तर मामीवर काढू नकोस, माझ्यावर काढ.

तुला सगळ्यांनी सांगितलं आहे की व्हिसाच्या साहेबांनी तुला नाही म्हटलं. ते खोटं आहे. मामीला आणि मामाला ते खोटं आहे हे माहीत नव्हतं. मला माहीत होतं. साहेब नाहीतच. चष्मा लावलेले नाहीत, बिनचष्म्याचेही नाहीत. मी एका बाईंकडे गेले होते, त्या म्हणाल्या, टिल्लीला घेऊन जा. मी म्हटलं, नको.

का नको म्हटलं? मी तेव्हा खूप दमले होते आणि मला एकटीला राहायचं होतं. मोठी माणसं कधीकधी दमतात. पण दमले असं सांगायचं असतं, साहेबांचं नाव सांगायचं नसतं. मी घाबरले आणि मामीला खरं सांगितलं नाही. मग त्या रविवारी तू "साहेबांना सांग" म्हणालीस, तेव्हा तुलाही सांगितलं नाही आणि फोन बंद केला. नेट गेलं नव्हतं.

माझ्यामुळे मामीचीही शाळा बुडाली. तिलाही परदेशात शिकायला जायचं होतं. आता ती पुढच्या वर्षी जाणार आहे आणि मी तुझ्याजवळ राहायला येणार आहे. त्याआधी, सुट्टीत, मी तुला भेटायला येईन. तेव्हा तू मला हवं ते विचार. माझ्याबरोबर इकडे यावंसं वाटलं तर सांग. नाही वाटलं तर तेही सांग. मी रडले तर रडू दे, तू त्यासाठी हो म्हणू नकोस.

रविवारी मी फोन करीन. तुला बोलायचं नसलं तर नको बोलू. मी त्याच्या पुढच्या रविवारी करीन, आणि त्याच्याही पुढच्या.

आता तुला मोठं व्हायची घाई करायची नाही. पडलीस की रड, मोठ्याने रड. अंधाराची भीती वाटली तर मामीला हाक मार. जेवायचा कंटाळा आला तर मामाला भरव म्हण. हे सगळं कुणाला कळलं तरी काही बिघडत नाही. तू लहान होतीस म्हणून मी तुला नाही म्हटलं नव्हतं. तू रडायचीस म्हणूनही नाही. तुझं काहीच चुकलं नव्हतं, टिल्ली. तू होतीस तशी अगदी बरोबर होतीस.

नाही म्हणणारी,
तुझी आई